शिष्यवृत्तीचं मदत-केंद्र आणि अभ्यासिकेला अनुदान : सुरुवात कुठून करावी?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातलं साडेतीन हजार वस्तीचं गाव. गणेशोत्सव मंडळाकडे यंदा सव्वा लाख रुपये शिल्लक आहेत आणि पोरं उत्साही आहेत. दोन कामं मनात आहेत.

एक, आठवीपासून पदवीपर्यंतची बरीच मुलं शिष्यवृत्तीला पात्र आहेत, पण अर्ज तरी करत नाहीत, नाहीतर अर्ज कुठेतरी अडकतो. त्यांच्यासाठी मदत-केंद्र. दोन, समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावर 40 जणांची अभ्यासिका. तिच्यासाठी सीएसआर (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी) किंवा सरकारी अनुदान मिळावं अशी इच्छा आहे.

मंडळाला दरवर्षी धर्मादायची परवानगी असते. तर आधी काय करावं? प्रस्ताव कसा लिहायचा, कुणाला द्यायचा? जाणकारांनी सांगावं.

चार_आणे
सव्वा लाख शिल्लक ठेवणारं मंडळ! डीजे विसरलात का?

लेखापरीक्षक
@घाटमाथा, 'धर्मादायची परवानगी' म्हणजे नेमकं काय ते आधी पाहा. बहुतेक मंडळांकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 च्या कलम 41क खालची तात्पुरती परवानगी असते. ती वर्गणी गोळा करण्यापुरती. तिने मंडळ 'नोंदणीकृत न्यास' होत नाही. सीएसआर, 80जी (देणगीदाराला आयकरात सवलत), सरकारी अनुदान, काहीच त्या कागदावर मिळत नाही. शिवाय त्या वर्गणीचा हिशेब धर्मादाय कार्यालयाला द्यायचा असतो आणि पैसा ज्या हेतूसाठी मागितला त्याच हेतूवर खर्च व्हायला हवा. म्हणजे सव्वा लाखाच्या खुर्च्या घेण्याआधी परवानगीच्या अर्जात हेतू काय लिहिला होता तो वाचा.

नोंदणी असेल तर तुमच्याकडे तीन गोष्टी असतील : संस्था नोंदणी अधिनियम 1860 खालचं प्रमाणपत्र, न्यासाचा क्रमांक आणि अनुसूची 1 चा (धर्मादाय कार्यालयातल्या न्यासाच्या नोंदीचा) उतारा. यातलं काय आहे ते कळवा, मग पुढे बोलू.

खडूफळा
लेखापरीक्षक यांच्याशी सहमत, पण मदत-केंद्रासाठी यातलं काहीच लागत नाही. एक टेबल, एक लॅपटॉप, एक स्कॅनर, दोन चिकट स्वयंसेवक. ते उद्या सुरू करता येईल. अभ्यासिकेची वाट बघत ते थांबवू नका.

कारकून
खडूफळा यांचं बरोबर. शिष्यवृत्ती का अडकते ते आधी समजून घ्या, कारण 'अर्ज भरून देणे' एवढंच केलंत तर अर्धं काम राहील.

सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे बँक. 'आधार लिंक आहे' असं मुलगा सांगतो, बँकही सांगते, पण खात्याला आधार जोडलेलं असणं आणि एनपीसीआयच्या (बँकांमधल्या पैशांची देवघेव चालवणाऱ्या संस्थेच्या) मॅपरवर, म्हणजे कुठल्या आधारचे पैसे कुठल्या बँकेत जातात त्या यादीवर, ते खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) चढलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाडीबीटी, म्हणजे राज्याचं शिष्यवृत्तीचं पोर्टल, पैसे आधार क्रमांकावर पाठवतं, खाते क्रमांकावर नाही. मॅपरवर एका आधारला एकच बँक असते आणि शेवटी जी चढली ती. मुलाने मोबाइलवरून कुठलंतरी झटपट खातं उघडलं, संमतीच्या चौकोनात टिचकी मारली, की पैसे तिकडे. घरचे इकडे पासबुक भरून भरून थकतात.

तपासायचं कसं? माय-आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' दिसतं : बँकेचं नाव आणि खातं चालू की बंद. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या शाखेत जाऊन आधार सीडिंगचा संमती-अर्ज भरायचा, पोच घ्यायची आणि काही दिवसांनी स्टेटस पुन्हा पाहायचं. अर्ज भरायच्या आधी.

दुसरं, 'छोटं खातं'. पूर्ण केवायसी न करता उघडलेल्या खात्यात वर्षाला एकूण 1 लाख जमा आणि कधीही 50 हजार शिल्लक अशी मर्यादा असते. अभियांत्रिकीच्या फीचा हप्ता आला की परत जातो. केवायसी पूर्ण करून खातं साधं बचत करून घ्या.

वेंधळी
आधी वाटायचं शिष्यवृत्ती म्हणजे मार्क. आता कळतंय शिष्यवृत्ती म्हणजे मॅपर.

कारकून
पुढचं, दाखले.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, तलाठ्याचा नाही. तलाठ्याचा अहवाल हा त्या दाखल्याचा एक कागद. एक वर्षाचा दाखला 31 मार्चला संपतो, म्हणून फेब्रुवारीत काढून ठेवणाऱ्यांची मेहनत वाया जाते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सेतूत अर्ज टाका. जूनमध्ये प्रवेशाची झुंबड उडते तेव्हा सर्व्हरही झोपतो आणि सेतूवालाही. दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला 500 रुपयांचा मुद्रांक लागत नाही. कुणी मागितला तर ठामपणे नाही म्हणा.

एकत्र कुटुंबात काकाचं उत्पन्न धरायचं का, असं हमखास विचारतात. नाही. आई-वडिलांचं मिळून. नोकरदार असतील तर फॉर्म 16 जोडा.

नाव : दहावीच्या गुणपत्रिकेवर 'ज्ञानेश्वर', आधारवर 'दन्यानेश्वर'. हे आधी दुरुस्त करा. अर्ज भरल्यावर आधार दुरुस्त केलं तर प्रोफाइल आणि अर्ज यांचा मेळ बसत नाही.

कागद 256 केबीच्या आत लागतात. मोबाइलने काढलेला 4 एमबीचा फोटो कसाबसा दाबून चढवला तर बारकोड वाचता येत नाही आणि अर्ज परत. स्कॅनरवर 100 ते 150 डीपीआय, काळा-पांढरा. पुरतो.

आणि सगळ्यात दुर्लक्षित : 'सेंट बॅक'. अर्ज महाविद्यालयाच्या डेस्कवरून त्रुटी लिहून परत येतो. मुलाला वाटतं, अर्ज 'भरलेला' आहे. पंधरा दिवसांतून एकदा लॉगिन करून पाहायलाच हवं. केंद्राचं खरं काम अर्ज भरण्यात नाही, या पाठपुराव्यात आहे.

नाणेघाट
मुलींना सगळं मोफत झालंय ना? मग त्यांचे अर्ज कशाला?

कारकून
@नाणेघाट, हाच गैरसमज सगळीकडे आहे. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 50 ऐवजी 100 टक्के माफ केलं. अटी : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत, प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून. व्यवस्थापन कोट्याला नाही, खाजगी अभिमत विद्यापीठाला नाही. विकास शुल्क, वसतिगृह, खानावळ यात नाही. आणि अर्ज महाडीबीटीवर करावाच लागतो, आपोआप काही होत नाही.

मुलग्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत 50 टक्के. अनुसूचित जातीच्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची मर्यादा, त्यावर उत्पन्न असेल तर फ्रीशिप (फी-माफी). मर्यादा ओलांडली म्हणून दार बंद झालं असं समजून मुलं परत जातात. शेजारचं दार उघडं असतं.

बाराखडी
वसतिगृहाचा विषय निघालाच आहे तर : सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी तीन समांतर योजना आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध : डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार. आदिवासी : पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्. इतर मागास वगैरे : ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. रक्कम शहरानुसार बदलते, मुंबई-पुण्याला सर्वात जास्त. स्वाधारला तिथे वर्षाला 60 हजार. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. एका मुलाला यातलं एकच. भाडेकरार किंवा खोलीमालकाचं पत्र लागतं, ते पहिल्या दिवशीच घ्या. नंतर मालक 'बघू' म्हणतो.

खडूफळा
सगळे महाडीबीटीवरच अडकले आहात. घाटमाथा यांनी आठवीपासून म्हटलंय. गावपातळीवर सगळ्यात जास्त परतावा एनएमएमएसचा आहे.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती. परीक्षा आठवीत, ती घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. निवड झाली की नववी ते बारावी महिना 1,000, म्हणजे चार वर्षांत 48,000. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, सातवीत 55 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 50. शाळा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेची किंवा अनुदानित हवी. दोन पेपर, प्रत्येकी 90 प्रश्न, 90 मिनिटं. पहिला बौद्धिक क्षमता, दुसरा शालेय : विज्ञान 35, समाजशास्त्र 35, गणित 20. महाराष्ट्राचा कोटा 11,682.

मुलं गणितावर मरतात आणि समाजशास्त्राकडे बघत नाहीत. 20 आणि 35 हे आकडे फळ्यावर लिहून ठेवा.

गळती कुठे होते? निवड झाल्यावर. शाळेत पेढे वाटले जातात आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंद कुणीच करत नाही. निकाल म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे. पोर्टलवर एकदाच करायची नोंदणी, मग अर्ज, शाळेच्या नोडल शिक्षकाची पडताळणी, मग जिल्ह्याची. दरवर्षी नूतनीकरण. दहावीला 60 टक्के हवेत, नाहीतर अकरावीपासून बंद. आठवीनंतर मूल विनाअनुदानित इंग्रजी शाळेत किंवा निवासी शाळेत गेलं तरी बंद. पालकांना हे परीक्षेआधीच सांगा.

उत्तीर्ण झाले पण निवड यादीत आले नाहीत अशा मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी या सरकारी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला 9,600. हे कित्येक शाळांना ठाऊक नाही.

चार_आणे
अभ्यासिका म्हणजे सगळेच स्पर्धा परीक्षावाले. त्यांना आठवीची पोरं मधे नको असतात. संध्याकाळी सहा ते आठ आठवीवाल्यांना द्या, नाहीतर भांडणं.

नाणेघाट
बांधकाम कामगारांचं कुणी बोललं नाही. गावात गवंडी, सेंटरिंगवाले, बिगारी असतीलच. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असेल तर पहिल्या दोन पाल्यांना : पहिली ते सातवी 2,500, आठवी ते दहावी 5,000, अकरावी-बारावी 10,000, पदवीला 20,000, अभियांत्रिकीला 60,000, वैद्यकीयला 1 लाख. लहान वर्गांना 75 टक्के हजेरीची अट. नोंदणीला वर्षभरात 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं, ठेकेदार किंवा ग्रामसेवकाचं. नोंदणीचं नूतनीकरण चुकलं की मुलाचा अर्ज बाद. आणि एजंट या नोंदणीचे वाट्टेल ते पैसे घेतात. मदत-केंद्राने ती स्वतः करून द्यावी.

वेंधळी
हे वाचून वाटतं गावातल्या प्रत्येक घरासाठी एक वही हवी. वाचनखूण साठवली.

घाटमाथा
सर्वांचे आभार! लेखापरीक्षक, तुमचा अंदाज खरा निघाला. फक्त 41क आहे. मग सीएसआर विसरायचं? एक गृहस्थ म्हणतात, 'नोंदणी लागत नाही, एका कंपनीचे 50 लाख मिळवून देतो, 30 टक्के रोख परत करायचे.'

लेखापरीक्षक
त्या गृहस्थांना चहा पाजून निरोप द्या. चहाही स्वस्तातला. हा गुन्हा आहे आणि अडकते ती संस्था, दलाल नाही. पावती 50 लाखांची, काम 35 चं, लेखापरीक्षणात फरक तुमच्या नावावर.

सीएसआरचा खरा मार्ग असा. कंपनी कायदा 2013 चं कलम 135 : नक्त मूल्य 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यातलं एक बसलं की कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्चावे लागतात. बाहेरच्या संस्थेमार्फत खर्चायचे तर तिच्याकडे 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला आयकर सूट), 80जी, 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाची नोंद हवी. नवीन संस्थेला हे शेवटचं लगेच जमणार नाही.

आणखी एक गोंधळ : '5 टक्के प्रशासकीय खर्च' ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाला आहे. संस्था आपल्या समन्वयकाचा पगार प्रकल्पखर्चात मागू शकते, पण तो प्रस्तावात वेगळ्या ओळीत दाखवा.

(नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू, कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदललेत. बोलताना सगळे 12ए-80जीच म्हणतात. अर्ज करताना सीएकडून नवा क्रमांक घ्या.)

बाराखडी
मग गणेशोत्सव मंडळालाच नोंदवून टाकावं. नाव आहे, माणसं आहेत.

लेखापरीक्षक
@बाराखडी, असहमत. उद्दिष्टात 'गणेशोत्सव साजरा करणे' असेल तर 80जी अवघड. धार्मिक खर्च उत्पन्नाच्या 5 टक्क्यांच्या वर गेला की ती सवलत नाही. वेगळी शैक्षणिक संस्था काढा. किमान सात सभासद, एकाच घरातले नकोत. उद्दिष्टांत ग्रंथालय, अभ्यासिका, शिष्यवृत्ती मार्गदर्शन, आरोग्य, पर्यावरण हे सगळं सुरुवातीलाच लिहा. 1860 च्या कायद्याखाली उद्दिष्ट नंतर बदलायचं तर विशेष सभेत तीन-पंचमांश मतं, महिन्याने दुसरी सभा आणि पुन्हा तीन-पंचमांश.

आणि कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज, अनुसूची 3. दहा वर्षं कुणी भरत नाही, मग अनुदानाच्या वेळी अनुसूची 1 वर दिवंगत अध्यक्षांचं नाव निघतं.

बाराखडी
असहमतीशी सहमत! पण तीन वर्षं हातावर हात?

फाइल_क्रमांक_शून्य
नाही. तोवर तालुक्यातल्या एखाद्या जुन्या, स्वच्छ हिशेबाच्या संस्थेशी लेखी करार. निधी तिच्या खात्यात, काम तुमचं, वस्तू कुणाच्या मालकीच्या ते करारात. किंवा वस्तुरूप मदत : कंपनीचे जुने पण चालू संगणक, बँकेच्या खुर्च्या.

आमदार-खासदार निधीचा पर्याय आहे, पण तो पैसा मंडळाच्या हातात कधीच येत नाही. लोकप्रतिनिधींचं शिफारसपत्र, मग जिल्हाधिकारी कार्यालय, अंदाजपत्रक, कार्यान्वयन यंत्रणा, निविदा. समाजमंदिर ग्रामपंचायतीच्या मालकीचं असेल तर मोठी सोय. नमुना 8 चा (ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदीचा) उतारा आणि ग्रामसभेचा ठराव आताच काढून ठेवा.

ग्रंथालयाचं म्हणाल तर 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली शासनमान्यता मिळाली की अ, ब, क, ड वर्गांनुसार परिरक्षण अनुदान मिळतं. पण नुसती अभ्यासिका म्हणजे ग्रंथालय नव्हे. ग्रंथ, दाखलनोंदवही, वर्गणीदार, वाचन कक्ष आणि रोजची उघडण्याची वेळ दाखवावी लागते. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान पुस्तकं आणि फर्निचरसाठी मदत करतं. त्याचा रस्ता राज्याच्या ग्रंथालय संचालनालयातून जातो आणि दर्पण पोर्टलचा (स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी नोंदीचा) क्रमांक लागतो.

सातासमुद्रा
गावातली चारपाच मंडळी परदेशात असतीलच. त्यांच्याकडून घेता येईल का? आम्ही इकडे बरेच जण गावासाठी काहीतरी द्यायला तयार असतो, पण नेहमी 'एफसीआरए (विदेशी देणग्यांच्या कायद्याची नोंदणी) लागेल' म्हणून अडतं.

लेखापरीक्षक
पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस स्वतःच्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत देत असेल तर ते विदेशी योगदान धरलं जात नाही. नागरिकत्व बदललेलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) असलं तरी, ते विदेशी योगदान. एफसीआरए नोंदणीशिवाय एक डॉलरही घेऊ नका. त्या नोंदणीला तीन वर्षं जुनी संस्था आणि तीन वर्षांत 15 लाखांचा उद्दिष्टांवरचा खर्च दाखवावा लागतो. पैसे दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात. देणगीदाराकडून पासपोर्टची प्रत आणि घोषणापत्र घेऊन फाइलला लावा.

सातासमुद्रा
म्हणजे भाऊ देऊ शकतो, मी नाही. समजलं. :)

चार_आणे
भावाला फोन लावा, आम्ही थांबतो.

फाइल_क्रमांक_शून्य
प्रस्तावाबद्दल विचारलं होतं, ते राहिलं. दोन पानं पुरतात. 'ग्रामीण भागातील होतकरू तरुणांच्या सर्वांगीण विकासासाठी' हे वाक्य प्रत्येक प्रस्तावात असतं. वाचणारा तिथेच पान उलटतो. त्याऐवजी आकडे द्या. नमुना म्हणून तुमच्याच 40 आसनांचा विजेचा हिशेब :

20 वॅटच्या 8 एलईडी नळ्या 160 वॅट. साधे 6 पंखे, प्रत्येकी 75 वॅट, म्हणजे 450. एकूण 610. 12 व्होल्ट, 150 एएचच्या दोन बॅटऱ्या म्हणजे 3,600 वॅट-तास, त्यातले वापरण्याजोगे साधारण 65 टक्के, 2,340. वीज गेल्यावर पावणेचार तास. तेच पंखे 30 वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणारे) घेतले तर भार 340 वर येतो आणि त्याच बॅटऱ्या पावणेसात तास चालतात. पंख्याला जास्त पैसे का मागितले याचं उत्तर या चार ओळींत आहे.

प्रत्येक वस्तूची तीन दरपत्रकं, जीएसटीसह. ग्रामपंचायतीचं जागेचं पत्र. आणि वीजबिल, सफाई, बॅटरीचं पाणी पुढची तीन वर्षं कोण भरणार ते लिहा : विद्यार्थ्यामागे महिना 100 रुपये घेतले तर 4,000 होतात, त्यात बसतं का ते मांडून दाखवा. देणाऱ्याला भीती एकच असते, दोन वर्षांनी तिथे मंडप आणि ढोल-ताशे ठेवलेले दिसतील ही.

पत्र मुंबईच्या मुख्यालयाला पाठवू नका. जवळच्या एमआयडीसीतल्या कारखान्याचा एचआर विभाग गाठा. कारखान्याच्या परिसराला प्राधान्य द्या असं कायदाच सुचवतो. जानेवारी-फेब्रुवारीत भेटलात तर पुढच्या वर्षाच्या आराखड्यात नाव जातं.

घाटमाथा
पोरांशी बोललो. नवीन संस्थेची कागदपत्रं या महिन्यात, अभ्यासिका ग्रामपंचायतीच्या ठरावाने, तोवर मदत-केंद्र रविवारी सकाळी. 41क च्या अर्जात 'शैक्षणिक साहाय्य' हा शब्द निघाला, त्यामुळे स्कॅनर त्यातूनच घेतोय. विद्यार्थ्यांची वही करतोय : नाव, आधार क्रमांक, मोबाइल, लॉगिन, पासवर्ड, योजना, स्थिती. आणखी रकाने कुठले?

कारकून
आधी दोन रकाने खोडा. आधारचे फक्त शेवटचे चार आकडे लिहा आणि पासवर्ड तर अजिबात नाही. मोबाइल विद्यार्थ्याचा किंवा पालकाचाच. केंद्रातल्या स्वयंसेवकाचा नंबर टाकला की ओटीपी त्याच्याकडे, आणि तो नोकरीला पुण्याला गेला की अख्ख्या गावाचे अर्ज बंद.

वाढवा : मॅपरवरची बँक व तपासल्याची तारीख, उत्पन्न दाखल्याची मुदत, जात पडताळणी झाली का (विज्ञानवाल्यांची अकरावीतच सुरू करा), अर्ज क्रमांक, शेवटचं लॉगिन, सेंट बॅकचं कारण.

खडूफळा
आणि आठवीचा वर्गशिक्षक कोण, तोही एक रकाना. एनएमएमएसचा अर्ज शाळेच्या लॉगिनमधूनच जातो, घरून भरता येत नाही.

वेंधळी
रविवारी सकाळी बँक बंद, सेतू बंद. बुधवारी बाजारच्या दिवशी ठेवा ना, सगळे तालुक्याला येतातच.

घाटमाथा
@वेंधळी, हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आमचा बाजार गुरुवारी असतो. गुरुवार करतो.